तोंडी अठ्ठावन्न

निमाईदांचा डावा अंगठा काहीतरी लपवतोय, याबद्दल देवयानीची जवळजवळ खात्री झाली होती. काय लपवतोय, तेवढंच कळत नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून ती तोच व्हिडिओ चौथ्यांदा बघत होती, आवाज बंद करून. क्लबातली गटिंगची, म्हणजे रॅकेटींना तारा घालायची खोली. मधोमध नवं मशीन, आणि मशीनच्या गोल चकतीवर आडवी बांधलेली लेकीची, नूपुरची निळी रॅकेट. निमाईदा तारेचं टोक भोकातून काढायचे, मशीनच्या जबड्यात द्यायचे, मशीन तार ताणायचं, छोट्या पडद्यावर ५८ असा आकडा उमटायचा. सगळं रीतसर. पण दर दोन-तीन तारांनंतर तो अंगठा पडद्याखालच्या वजाच्या बटणाकडे निघायचा. टेकायचा नाही. वर नुसता घुटमळायचा आणि चोरासारखा मागे यायचा. तिनं मोजलं होतं. अकरा वेळा.

"अगं, सवय असेल," तिचा नवरा उन्मेष पोळीचा तुकडा मोडत म्हणाला. "मी नाही का फाइल वाचताना पेनाचं टोपण काढत-घालत बसत?"

"तुझ्या टोपणानं कुणाचं कोपर सुजत नाही."

उन्मेषनं भाजीची वाटी पुढे ओढली.

नूपुर दहा वर्षांची. वडिलांच्या रेल्वेतल्या बदल्यांपायी तिची ही तिसरी शाळा. कलकत्त्याला गार्डन रीचच्या क्वार्टर्समध्ये राहायला आल्यावर पहिले सहा महिने ती शाळेत कुणाशी म्हणून बोलली नव्हती. मग खिदिरपूरच्या बाजूला एका जुन्या क्लबात टेनिस सुरू झालं आणि पोरीला कंठ फुटला. बंगालीत भांडायला लागली, बंगालीत हसायला लागली, घरी येऊन मराठीचे हातपाय मोडायला लागली. देवयानीला तेही चाललं. पोर बोलत होती ना!

आणि या जानेवारीत तिचं उजवं कोपर दुखायला लागलं. आधी सर्व्हिस करताना, मग पाण्याची बाटली उचलताना, आणि परवा वेणी घालून घेताना ती म्हणाली, "आई, माझी हात ना, आतून जळते." डॉक्टरांनी खेळणं थांबवायला सांगितलं, तीन आठवडे. वर दोन गोष्टी सांगितल्या. रॅकेट एकदा तपासून घ्या, आणि पुन्हा दुखलं तर मात्र खेळ बंद करा, वय कोवळं आहे. उन्मेषनं त्यातली दुसरी उचलली होती. "दुखलं की बंद. बुद्धिबळ शिकव तिला." देवयानीनं पहिली उचलली.

रॅकेट कोणाच्या हातात जाते? निमाईदांच्या. आणि निमाईदांना नवं मशीन का आवडावं?

हे नवं मशीन दुर्गापूजेनंतर क्लबात आलं, विक्रेत्याकडून चार महिन्यांच्या बोलीवर. पसंत पडलं तर ठेवा, नाही तर परत द्या म्हणाले. जुनं होतं हातानं फिरवायचं, दांड्याचं. आता ते कोपऱ्यात जुन्या चादरीखाली उभं होतं. क्लबचे सेक्रेटरी जयप्रकाश सबनीस, बँकेतून निवृत्त होऊनही कलकत्त्यालाच राहिलेले, डिसेंबरात देवयानीला म्हणाले होते, "पुण्याला तू ते मशीन वापरायला सोपं की अवघड, ते तपासायचं काम करायचीस ना? मग आमच्या या मशीनला मार्क दे बघू. कमिटीत सगळे आपापलं घोडं पुढे दामटतात. निमाई तर बोलतच नाही. उद्या हे आलं म्हणजे गटिंग कुणीही करू शकेल, याची धास्ती असणार त्याला."

धास्ती. हा शब्द देवयानीच्या मनात रुतून बसला होता.

पुण्याला तिनं मिक्सर तपासले होते, इन्सुलिनची पेनं तपासली होती. माणसाला यंत्रासमोर बसवायचं, काम सांगायचं आणि आपण गप्प बसून तो कुठे अडतो ते टिपायचं. तिला शिकवलेले नियम तीन. मदत करायची नाही. मान डोलवायची नाही. आणि माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. माणूस तोंडानं "सोपंय, सोपंय" म्हणतो आणि हात भलत्याच बटणावर जातो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिनं स्टुलावर बैठक मारली, मोबाइल तिवईवर बसवला, त्याचा डोळा मशीनच्या पडद्यावर आणि निमाईदांच्या हातांवर लावला. साठीचे निमाईदा, सव्वीस वर्षं या क्लबात गटिंग करणारे, कान झाकणारी माकडटोपी, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, एकदा मोबाइलकडे आणि एकदा तिच्याकडे बघून कामाला लागले. तिची वही भरत गेली. पडदा फार खाली, निमाईदांना दर वेळी कमरेत वाकावं लागतं. तार ताणून झाल्याचा आवाज आणि चूक झाल्याचा आवाज एकच. अधिक आणि वजाची बटणं सारखी, अंधारात चाचपली तर फसगत होईल. चकतीची पकड मात्र उत्तम.

नूपुरचीच रॅकेट तिनं मुद्दाम तपासणीला दिली. जानेवारीत एकदा, फेब्रुवारीत एकदा. आणि नेमकं याच काळात कोपर दुखायला लागलं. डिसेंबरपर्यंत, याच मशीनवर तारा घातलेल्या असताना, पोरगी ठणठणीत होती.

म्हणजे काय समजायचं? देवयानीनं ते रात्रंदिवस घोळवून घोळवून एक गोष्ट जुळवली होती. निमाईदांना ठाऊक होतं की निकाल ही बाई लिहिणार. मशीन नापास व्हायला हवं असेल तर कुणाच्या पोरीची रॅकेट बिघडवायची? हिच्याच. पडद्यावर अठ्ठावन्न दाखवायचं आणि तार ढिली सोडायची. ढिल्या रॅकेटनं पोरीला जास्त जोर लावावा लागणार. कोपर जाणार.

अठ्ठावन्न हा आकडा तिचा स्वतःचा होता. रॅकेटच्या आतल्या कडेला छापलेलंच होतं, पन्नास ते साठ पौंड. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा गटिंगला दिली तेव्हा तिनं विचार केला, साठच्या जवळ, पण साठ नको. ती लोणच्याच्या बरणीचं झाकणही दोनदा आवळणारी बाई. तेव्हापासून दर खेपेला ती खोलीच्या दारातून सांगायची, "निमाईदा, अठ्ठावन्न हां. कमी नाही. घट्ट पाहिजे." आणि तिला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणणारे निमाईदा उत्तर द्यायचे, "हो बौदी, अठ्ठावन्न."

रविवारी चार वाजता कमिटीची बैठक होती. देवयानी अडीचलाच नूपुरला घेऊन पोचली. पाठीवरच्या बॅगेत दोन रॅकेटी होत्या. निळी, चार दिवसांपूर्वी तारा घातलेली. आणि लाल, जिच्यात पूजेच्या आधी जुन्या मशीनवर तारा घातल्या होत्या आणि जी तेव्हापासून कपाटात पडून होती. मोबाइलमध्ये तिनं एक नवं ॲप घेतलं होतं. तारेवर पेन्सिलनं टकटक केलं की आवाजावरून ते ताण सांगायचं.

"काका, तुम्ही जरा साक्षीला या," तिनं सबनीसांना व्हरांड्यातूनच ओढलं.

"साक्षीला? कोर्ट आहे की काय?"

"इथे कुणीतरी लबाडी करतंय. मला ती तुमच्यासमोर दाखवायचीय."

सबनीसांनी चष्मा नाकावर चढवला. त्यांना असल्या गोष्टी मनापासून आवडत.

निमाईदा एका बाकावर बसून टोच्याचं टोक कापडानं पुसत होते. नूपुरला, त्यांच्या लाडक्या 'मामोनी'ला, बघून त्यांचा चेहरा उजळला. "एशो मामोनी! हात कसा आहे?"

"नो टेनिस, निमाईदादू. थ्री वीक्स," नूपुर म्हणाली आणि सरळ जाऊन त्यांच्या शेजारी बसली. देवयानीला ते खटकलं. पण नियम दुसरा. तिनं चेहरा कोरा ठेवला.

"आधी लाल," ती म्हणाली. ही तिची कसोटीची रॅकेट, चांगल्या दिवसांतली. टकटक केलं. ॲपनं आकडा दाखवला, चव्वेचाळीस.

"जुन्या तारा सैल पडतातच," सबनीस म्हणाले.

"हो, पण चौदा पौंड?" तिनं पुन्हा टकटक केलं. चव्वेचाळीस. "असो. आता निळी बघा, काका. ही त्याहून ढिली निघणार. नीट बघा."

टकटक. छप्पन्न.

देवयानीनं पेन्सिल बदलली. जागा बदलली. खिडकी बंद केली, बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत होता. छप्पन्न. पंचावन्न. छप्पन्न.

"अगं, ही तर घट्ट आहे," सबनीस म्हणाले. "लबाडी कुठे आहे यात?"

देवयानीच्या कानशिलांवर ऊन लागल्यासारखं झालं. एवढं जुळवलेलं, आणि आकडा उलटा. पण संशय असा सहजासहजी जागा सोडत नाही. तो फक्त कूस बदलतो. तिची नजर निमाईदांच्या मागच्या फळीवर गेली. तिथे एक लांबट, लाल पाठीची वही होती. दर गटिंगनंतर ते त्या वहीत बंगालीतून काहीतरी खरडायचे, हे तिनं कितीदा टिपलं होतं. तिला बंगाली वाचता येत नव्हतं.

"ती वही दाखवा, निमाईदा."

निमाईदांचा हात टोच्यावर थांबला. "ती माझी आहे, बौदी."

"मला बघायचीय."

"दे रे बाबा, निमाई," सबनीस म्हणाले. "नाही तर ही आज झोपायची नाही."

निमाईदांनी वही काढली, पण देवयानीला नाही दिली. नूपुरच्या मांडीवर ठेवली. "तू वाच. तुला येतं."

वहीत प्रत्येक मुलाचं एक पान होतं. नूपुरचं पान मध्ये सापडलं. पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. दोन रकाने! देवयानीनं सबनीसांकडे विजयी नजरेनं पाहिलं. दोन रकाने कोण ठेवतं? ज्याचं एक खरं आणि एक दाखवायचं असतं तो.

"वर काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"इकडे लिहिलंय 'मुखे'. म्हणजे, ते... तोंडानं बोललेला. आणि इकडे 'तारे'. म्हणजे तारमध्ये." नूपुर बोट फिरवत वाचू लागली. "तोंडमध्ये फिफ्टी एट, तारमध्ये फॉर्टी सेव्हन. तोंडमध्ये फिफ्टी एट, तारमध्ये फॉर्टी सेव्हन. आई, हे सगळे सेमच आहे. खूप आहे."

"पूजेच्या नंतरचं वाच."

"नोव्हेंबर. फिफ्टी एट, फिफ्टी. डिसेंबर. फिफ्टी एट, फिफ्टी." बोट पुढे सरकलं. "जानेवारी. फिफ्टी एट, फिफ्टी एट. फेब्रुवारी पण, फिफ्टी एट, फिफ्टी एट. आणि बाजूला काहीतरी लिहिलंय."

"काय?"

नूपुरनं वही डोळ्यांजवळ नेली. मग आईकडे बघितलं.

"लिहिलंय, 'मा बोशे आछेन.' आई बसलेली आहे."

देवयानीनं वही ओढून त्या न वाचता येणाऱ्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"म्हणजे?" देवयानी म्हणाली. तिला कळलं होतं, तरी.

निमाईदांचं हिंदी बंगालीत भिजलेलं, तिचं मराठीत. पण आज एकही शब्द निसटला नाही. ते उठले, कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवरची चादर त्यांनी काढली आणि दांड्यावर हात ठेवला. "याची स्प्रिंग म्हातारी झाली होती, बौदी. काट्यावर अठ्ठावन्न लावलं की तारेत सत्तेचाळीस यायचं. मला ठाऊक होतं. सगळ्या आया, सगळे बाबा दारात उभे राहून सांगतात, घट्ट, अजून घट्ट. मी काटा तिथे नेऊन ठेवायचो. ते खुश. तार मुलाच्या हाताला हवी तेवढीच. घट्ट तारेचा धक्का सगळा कोपरात जातो. कुणाला खरंच घट्ट हवी असली, मोठी मुलं, तर त्यांना मी काट्यावर वाढवून द्यायचो."

"सव्वीस वर्षं?" सबनीसांनी विचारलं.

"सव्वीस नाही. स्प्रिंग सैल झाल्यापासून. बारा-तेरा."

"आणि आम्हाला पत्ता नाही!"

"नव्या मशीनला असलं काही कळत नाही. अठ्ठावन्न म्हटलं की अठ्ठावन्न. मामोनीच्या वेळी मी गुपचूप बटण दाबून पन्नासवर आणायचो. त्याहून खाली नेलं असतं तर तुमच्या लक्षात आलं असतं, बौदी. नंतर तुम्ही तो मोबाइल लावलात."

"मग सांगायचं ना मला!" देवयानीचा आवाज चढला. "तोंड नव्हतं का?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

निमाईदांनी तिच्या मोबाइलकडे बोट दाखवलं, एवढंच.

तिनं जानेवारीचा व्हिडिओ उघडला, आणि पहिल्यांदाच आवाज सुरू केला. मशीनची घरघर. कुठूनतरी कावळा. मग चौथ्या मिनिटाला, अंगठा बटणाच्या वर असताना, निमाईदांचा हलका आवाज. "बौदी, थोडा कम कर दें? बच्ची का हाथ है." त्यानंतर सात-आठ सेकंद काहीच नाही. त्या सात-आठ सेकंदांत स्टुलावर बसलेली बाई चेहरा कोरा ठेवून वहीत लिहीत होती. काय लिहीत होती तेही तिला आठवलं. 'कामगार बोलून लक्ष विचलित करतो.' मग अंगठा मागे गेला आणि मशीननं तार ताणली. अठ्ठावन्न.

"मला वाटलं, परीक्षा आहे, बोलायची परवानगी नाही," निमाईदा म्हणाले. "आणि सेक्रेटरीबाबू म्हणाले होते, मशीनमध्ये खोट काढू नकोस. लोक म्हणतील, हा आपल्या जुन्यासाठी रडतोय."

सबनीसांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"पण फ्रेमवर छापलंय," देवयानी म्हणाली. आता तिचा आवाज अगदीच लहान झाला होता. "पन्नास ते साठ."

"ते कंपनीनं छापलंय, बौदी. मामोनीला बघून नाही छापलेलं."

देवयानी स्टुलावर बसली. याच स्टुलावर बसून तिनं दोन महिने पहारा केला होता. तिनं नूपुरचं कोपर हातात घेतलं, जणू ते आत्ताच कुणीतरी आणून दिलं होतं. नूपुरनं ते सोडवून घेतलं. तिला वहीतली बाकीच्या मुलांची पानं वाचायची होती. "आई, ऋषभच्या पप्पांचा तोंडमध्ये सिक्स्टी फोर आहे!" असं म्हणून ती खो खो हसली.

"बरं, आता बैठकीत काय सांगू?" सबनीसांनी विचारलं. "घ्यायचं की परत पाठवायचं?"

देवयानीनं आपली वही उघडली. पडदा खाली, आवाज एकसारखे, बटणं सारखी. सगळं बरोबर होतं आणि त्यातलं काहीच महत्त्वाचं नव्हतं. तिनं खाली लिहिलं, 'जुन्या मशीनचे आकडे या मशीनवर चालणार नाहीत. आधी प्रत्येक मुलाचा खरा आकडा निमाईदांच्या वहीतून घ्यावा.' थोडं थांबून आणखी लिहिलं, 'आकडा पालकांनी सांगू नये.' मग त्याखाली रेघ मारली, दोनदा.

"घ्या, काका. मशीन चांगलं आहे. पण निमाईदा सोडून दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका."

"मग कमिटीला मी काय सांगू, तू चोर पकडायला आली होतीस म्हणून?"

"काका, प्लीज."

"नाही सांगत. पण चहा तू पाजायचास." सबनीस हसत बाहेर गेले.

निमाईदांनी कात्रीनं निळ्या रॅकेटच्या तारा कापल्या. ताण सुटल्याचा टण्ण आवाज झाला, तशी देवयानी दचकली. त्यांनी रॅकेट चकतीवर बांधली, नवी तार घेतली आणि सवयीनं दाराकडे पाहिलं. जिथे आया उभ्या राहतात तिकडे.

देवयानीनं ओठ घट्ट मिटून घेतले. तोंडातून अठ्ठावन्न निघू नये म्हणून नव्हे, काहीच निघू नये म्हणून.

"मामोनी, किती?" निमाईदांनी विचारलं.

नूपुरला कुणी हे कधी विचारलं नव्हतं. तिनं लाल रॅकेट उचलली, तळहातानं तारांवर थोपटलं. "हिच्यासारखी. ही नवीन होती ना, तेव्हासारखी."

"सत्तेचाळीस." त्यांनी बटण दाबलं.

मोबाइल बॅगेत गेला. तिची वही बॅगेत गेली. देवयानी व्हरांड्यात जाऊन उभी राहिली, रेलिंगपाशी. कोर्टावर दोन म्हातारे सर्व्हिसवरून वाद घालत होते. तिनं ठरवलं होतं की तारा घालून होईपर्यंत आत फिरकायचं नाही. पाच मिनिटं ते जमलं. सहाव्या मिनिटाला ती पाणी प्यायच्या निमित्तानं आत आली आणि जाता जाता, अगदी जाता जाता, तिची नजर पडद्यावर गेली.

पंचेचाळीस.

ती थांबली. निमाईदांचा अंगठाही बटणावर थांबला. या वेळी तो मागे गेला नाही.

"सत्तेचाळीस ठरलं होतं ना?" तिनं विचारलं. संशयानं नव्हे, असं तिला वाटलं. पण आवाज ओळखीचाच आला.

"हात अजून दुखतो तिचा," निमाईदा म्हणाले. "तीन आठवड्यांनी खेळेल तेव्हा आधी दोन कमीच बरं. मग वाढवू."

देवयानीनं मान डोलवली. मनापासून, दोनदा डोलवली. मग तिच्यातली बरणीचं झाकण आवळणारी बाई एक पाऊल पुढे आली.

"मग अजून दोन कमी करा ना, निमाईदा. त्रेचाळीस."

निमाईदांनी टोच्या खाली ठेवला आणि नूपुरकडे बघितलं. नूपुरनं कपाळावर हात मारला.

"आई," ती म्हणाली, "तू बाहेर बस."